खानाची सनद

चीनच्या पूर्व किनाऱ्यावर तीनशे वर्षं वयाचा एक ताओ साधू राहतो, असं चंगीझखानाला सांगितलं गेलं होतं. सांगणारा होता ल्यू झोंगलू, औषधोपचाराच्या आणि शीळ घालत जाणारे बाण बनवण्याच्या कसबावर खानाच्या मर्जीत शिरलेला एक चिनी माणूस. साधूचं खरं वय तेव्हा एकाहत्तर होतं. खानाची पन्नाशी उलटून गेली होती, मध्य आशियातल्या ख्वारज्मच्या शाहावर स्वारीची तयारी चालू होती, आणि हाताशी घेतलेलं काम एका आयुष्यात उरकेल अशी चिन्हं नव्हती. त्यामुळे तीनशे हा आकडा त्याला पटला असावा. 1219 च्या मे महिन्यात त्याने याच ल्यू झोंगलूच्या हाती वाघाचं तोंड कोरलेली सोन्याची पाटी दिली, वीस मंगोल स्वार बरोबर दिले आणि साधूला घेऊन यायला सांगितलं. ही पाटी दाखवणाऱ्याचा शब्द म्हणजे खुद्द खानाचा शब्द. तिच्यापुढे घोडी, शिधा आणि रस्ता मिळायला वेळ लागत नसे.

साधूचं नाव च्यू चूजी. लोक त्याला चांगचुन म्हणत, म्हणजे चिरवसंत. शानदोंग प्रांतातल्या लायजोऊच्या एका मंदिरात दूत त्याला भेटला तेव्हा वर्ष संपत आलं होतं.

च्यू चूजीला दरबारी आमंत्रणांचं अप्रूप नव्हतं. तेव्हाचा शानदोंग म्हणजे तीन सत्तांच्या जात्यात सापडलेला मुलूख. उत्तर चीनवर शंभरेक वर्षं राज्य करणाऱ्या जुर्चेन लोकांच्या जिन घराण्याला मंगोलांनी झोडपून काढलं होतं. 1214 मध्ये जिन सम्राट राजधानी सोडून दक्षिणेला काइफेंगला गेला आणि पुढच्याच वर्षी ती राजधानी, म्हणजे आजचं बीजिंग, मंगोलांच्या हाती पडली. दक्षिणेत सोंग घराणं टपून बसलं होतं. मधल्या भागात बंडखोरांच्या टोळ्या. अशा वेळी ज्याच्या शब्दाला गावं मान देतात तो माणूस आपल्या बाजूला असावा, असं प्रत्येकाला वाटणारच. शानदोंगमध्ये बंड पेटलं तेव्हा जिन सेनापतीने ते शमवायला याच साधूची मदत मागितली होती आणि त्याच्या सांगण्यावरून दोन जिल्हे शांत झाले होते. 1216 मध्ये जिन सम्राटाने बोलावलं, हा गेला नाही. 1219 मध्ये सोंग दरबाराची माणसं आली, त्यांनाही नकार. आणि मग तिसरं आमंत्रण आलं, ज्याच्या मागे घोडदळ होतं.

हा मान त्याला मिळाला कसा हे कळायला त्याच्या गुरूकडे वळायला हवं. वांग झे हा शाआन्शी प्रांतातला एक बऱ्या घरचा माणूस. सैन्यातली कारकीर्द फसली, दारूचं व्यसन लागलं, आणि मग एके दिवशी त्याने संसार सोडला. 1161 च्या सुमारास त्याने स्वतःसाठी एक कबर खणली, तिला जिवंत मुडद्याचं थडगं असं नाव दिलं आणि दोन-अडीच वर्षं तिच्यात राहिला. नंतर 1167 मध्ये तो पायी पूर्वेला शानदोंगमध्ये आला. तिथे त्याला सात शिष्य मिळाले. त्यांत मा यू नावाचा धनाढ्य गृहस्थ होता, त्याची बायको सुन बुअर होती, आणि एकोणिसाव्या वर्षी आलेला, आईबापाविना वाढलेला च्यू चूजी होता. या पंथाला नाव पडलं च्वानझेन, म्हणजे पूर्ण सत्य. जुन्या ताओ परंपरेत सोनं-पारा शिजवून अमरत्वाची गोळी करायचे उद्योग शतकानुशतकं चालत आले होते, आणि त्या गोळ्या खाऊन तांग घराण्यातले सम्राट चक्क मेलेही होते. वांग झेने ती भट्टी माणसाच्या आत नेली. ब्रह्मचर्य, भिक्षा, थोडी झोप, ध्यान. बौद्ध आणि कन्फ्युशियन ग्रंथांनाही त्याने आपल्या शिष्यांच्या वाचनात जागा दिली. गुरू 1170 मध्ये गेल्यावर च्यू चूजीने आधी सहा वर्षं एका ओढ्याकाठच्या गुहेत आणि मग सात वर्षं लोंगमेनच्या डोंगरात काढली.

राजसत्तेचा पंथाशी व्यवहार मात्र पहिल्यापासून रोखठोक होता. 1188 मध्ये जिन सम्राटाने च्यू चूजीला राजधानीत बोलावून मान दिला आणि दोनच वर्षांनी त्याच्या वारसाने पंथावर बंदी घातली. तिजोरी आटली की हेच जिन सरकार मंदिरांच्या अधिकृत नावांच्या पाट्या आणि दीक्षेचे परवाने विकायला काढी. पाटी असेल तर मंदिर, नसेल तर बेकायदा झोपडी. च्वानझेनच्या लोकांनी पैसे जमवून पाट्या विकत घेतल्या. मंदिर उभं राहतं ते कागदावर, हा धडा त्यांनी खानाचा दूत दारात येण्याच्या वीसेक वर्षं आधीच गिरवला होता.

तर म्हातारा निघाला. का निघाला, यावर त्याच्या शिष्यांनी पुष्कळ भक्तिभावाने लिहिलं आहे. मला वाटतं, त्याने हिशेब केला होता. जिन बुडतंय हे दिसत होतं, सोंग येऊन टिकेल याची खात्री नव्हती, आणि मंगोलांना नाही म्हटलं तर काय होतं हे त्याने जवळून पाहिलं होतं. मन वळेलच तर कुणाचं वळवायला हवं, एवढा प्रश्न उरतो आणि त्याचं उत्तर पश्चिमेला होतं.

1220 च्या सुरुवातीला अठरा-एकोणीस शिष्यांसह तो लायजोऊहून निघून बीजिंगला पोचला आणि तिथे त्याला कळलं की खान आणखी पश्चिमेला सरकला आहे. त्याने पत्र लिहून विनवलं की वय झालंय, खान परत येईपर्यंत इथेच थांबू द्या. उत्तर आलं, यावंच. दरम्यान ल्यू झोंगलूने खानाच्या जनानखान्यासाठी काही मुली गोळा केल्या होत्या आणि एकाच तांड्यातून त्यांनाही नेण्याचा त्याचा बेत होता. साधू अडून बसला. आपण डोंगरातली माणसं, मुलींच्या तांड्याबरोबर आपण जाणार नाही, असं त्याने साफ सांगितलं. बेत बदलावा लागला.

1221 च्या मार्चमध्ये खरा प्रवास सुरू झाला. ली झीचांग हा शिष्य सगळं टिपून ठेवत होता. त्याने लिहिलेला पश्चिमेच्या प्रवासाचा वृत्तांत हा तेराव्या शतकातल्या मध्य आशियाबद्दलचा एक उत्तम डोळस दस्तऐवज आहे. (पुढे शतकानुशतकं हा ग्रंथ ताओ ग्रंथसंग्रहात दबून राहिला आणि नावसाधर्म्यामुळे वानरराजाची ती सुप्रसिद्ध कादंबरीच च्यू चूजीने लिहिली, असा समज पसरला. 1795 मध्ये च्यान दाशिन या पंडिताला सूजोऊच्या एका मंदिरात मूळ वृत्तांत सापडला, तेव्हा हा घोळ मिटायला सुरुवात झाली.)

आधी उत्तरेला, खानाच्या धाकट्या भावाच्या छावणीत. या तेमुगे राजपुत्रालाही दीर्घायुष्याचं रहस्य ऐकायचं होतं. आधी व्रत करून शुद्ध हो मग सांगतो, असं साधूने त्याला सांगितलं, दिवस ठरला आणि नेमका त्या दिवशी दणदणीत बर्फ पडला. राजपुत्राला वाटलं, थोरल्या भावाने बोलावलेल्या माणसाकडून आधी आपण ऐकणं देवाला मान्य नाही. त्याने शेकड्याने बैल-घोडे आणि दहा गाड्या देऊन तांड्याला पुढे रवाना केलं.

केरुलेन नदीकाठी मे महिन्यात सूर्यग्रहण लागलं. भर दुपारी अंधार झाला, चांदण्या दिसल्या. च्यू चूजीने ते मनात ठेवलं. अल्ताई पर्वताजवळ पोचल्यावर तिथल्या लोकांना विचारलं, तेव्हा कळलं की तिथे सूर्य सात दशांशच झाकला होता आणि वेळही सकाळची होती. समरकंदला गेल्यावर तिथल्या एका ज्योतिषाने आणखी लवकरची वेळ आणि सहा दशांश असा आकडा सांगितला. म्हाताऱ्याने निष्कर्ष काढला की ग्रहणाच्या बरोबर खाली असलेल्यालाच ते पूर्ण दिसतं. दिव्यासमोर पंखा धरला की सावलीच्या मध्यात काळोख असतो आणि बाजूला सरकत जावं तसा उजेड वाढतो, तसंच हे. अमरत्वाची गोळी आणायला निघालेल्या तांड्यात एक माणूस वाटेत तीन ठिकाणांची निरीक्षणं जुळवत होता, ही गोष्ट मला त्या सगळ्या प्रवचनांपेक्षा मोलाची वाटते.

खानाचा मंत्री चिंकाई याच्या नावाने मंगोलियात वसलेल्या गावात धरून आणलेले चिनी कारागीर राहत होते. ते साधूला पाहून रडले. तिथे च्यू चूजीने नऊ शिष्य ठेवले आणि एक मंदिर उभं करायला सांगितलं. मंदिराला नाव दिलं चीश्या, त्याच्या शानदोंगमधल्या जन्मगावाचं. पुढे अल्ताई ओलांडून वाळवंट, मग बर्फाचे डोंगर, मग खानाच्या दुसऱ्या मुलाने दरीत बांधून ठेवलेले अठ्ठेचाळीस लाकडी पूल. सायराममध्ये एक जुना शिष्य आजारी पडून गेला, त्याला तिथेच पुरलं. डिसेंबर 1221 मध्ये तांडा समरकंदला पोचला. मंगोलांनी हे शहर आदल्या वर्षी घेतलं होतं आणि ली झीचांगने नोंदवलंय की एके काळी लाखाहून अधिक घरं असलेल्या त्या शहरात आता पावभर वस्ती उरली होती. साधूची सोय झाली ती परागंदा झालेल्या शाहाच्या वाड्यात. मिळालेल्या शिध्यातून उरलेल्या धान्याची पेज करून तो भुकेल्यांना वाटत राहिला.

मे 1222. हिंदुकुशच्या परिसरातली खानाची छावणी. खान नुकताच सिंधूच्या काठावर शाहाचा मुलगा जलालुद्दीन याला मात देऊन मागे फिरला होता. ताओ साधू गुडघे टेकत नाहीत. हात जोडून, किंचित वाकून च्यू चूजी आत गेला. दुसऱ्या राजांनी बोलावलं तर गेला नाहीस आणि माझ्यासाठी एवढ्या लांब आलास, असं म्हणत खानाने त्याला बसायला सांगितलं, खायला दिलं आणि लगेच मुद्द्याला हात घातला. अमरत्वाचं कोणतं औषध आणलंय?

सोन्याची पाटी, तीन वर्षांची खटपट आणि वाटेत पुरलेला एक शिष्य, हे सगळं या एका उत्तरावर येऊन ठेपलं होतं. च्यू चूजीने सांगितलं की आयुष्य सांभाळायचे मार्ग आहेत, मरण टाळायचं औषध नाही. असं बोलून मुंडकी गमावलेली माणसं इतिहासात थोडी नाहीत. खानाला हे उत्तर आवडलं. त्याने आपल्या तंबूच्या पूर्वेला साधूसाठी दोन तंबू उभारायला सांगितले आणि याला यापुढे शेनश्येन म्हणायचं असं फर्मावलं. शेनश्येन म्हणजे अमर पुरुष. अमरत्व नसतं असं तोंडावर सांगणाऱ्याला ही पदवी मिळाली, यातला विनोद त्या तंबूत कुणाच्या लक्षात आला की नाही, वृत्तांतात नोंद नाही.

डोंगरातल्या बंडामुळे प्रवचनं शरद ऋतूपर्यंत लांबली. दुभाषा होता येल्यू आहाई. खानाने जे ऐकलं ते थोडक्यात असं: बायकांचा सोस कमी करा, महिनाभर एकटे झोपून पाहा, हत्या आवरा, आईबापांना माना. विजेच्या कडकडाटाला मंगोल फार घाबरत, त्यावरही बोलणं झालं आणि साधूने ती भीती मातृपितृभक्तीच्या उपदेशाकडे वळवली. मधूनच एक व्यवहारी सल्लाही आला: शानदोंग आणि हेबेई हे धान्याचे आणि रेशमाचे प्रांत आहेत, तिथे जाणता अधिकारी नेमा आणि तीन वर्षं सारा माफ करा. प्रवचन म्हणून सुरू झालेलं बोलणं हळूच महसुलावर आलं होतं. 1223 च्या सुरुवातीला खान रानडुकराची शिकार करताना घोड्यावरून पडला; या वयात शिकार कमी करा, असं साधूने सांगितलं. लहानपणापासूनची सवय आहे, सुटणार नाही, असं खान म्हणाला, पण त्यानंतर दोन महिने शिकारीला गेला नाही. सत्तेला उपदेशाने वळवण्याचा ताळेबंद मांडायचा तर हे दोन महिने जमेच्या बाजूला घालता येतील. हत्या काही थांबली नाही.

परतायची परवानगी मिळाली तेव्हा खानाने बैल-घोडे देऊ केले. साधूने ते नाकारले. मग खानाने विचारलं, तिकडे तुझे शिष्य किती? पुष्कळ, असं दुभाष्याने सांगितलं. त्यावर 1223 च्या वसंतात सनद निघाली. च्यू अमर पुरुषाच्या मंदिरांतून जे दिवसरात्र ग्रंथ म्हणतात आणि खानाच्या आयुष्यासाठी प्रार्थना करतात, त्यांना लहानमोठे सगळे कर आणि सगळी वेठ माफ. पण कर चुकवायला साधूचा वेष घेणारा सापडला तर त्याला शिक्षा. त्याच वर्षी मागाहून दुसरा हुकूम निघाला, की जगात जे जे घर सोडलेले भले लोक आहेत त्यांचा कारभार च्यूने पाहावा, त्यांचं बरंवाईट त्याने ठरवावं.

पुढची साठ वर्षं याच हुकमाभोवती फिरली. घर सोडलेले म्हणजे कोण? ताओ साधू घर सोडतात, तसे बौद्ध भिक्खूही सोडतात. चिनी भाषेत दोघांनाही तोच शब्द आहे. खानाच्या डोक्यात हा भेद असण्याचं काही कारण नव्हतं. त्याने एक म्हातारा पाहिला होता, तो त्याला आवडला होता.

1224 मध्ये च्यू चूजी बीजिंगला परतला. त्याला राहायला मिळालं ते तांग काळापासूनचं, आता मोडकळीला आलेलं तियानचांग मंदिर. जिन सम्राटांच्या राजबागेतलं बेटही त्याच्या हवाली झालं, आजच्या बीजिंगमधल्या बेइहाई सरोवरातलं ते बेट. कारभार म्हणावा असा उत्तर चीनमध्ये उरला नव्हता. मंगोल सरदारांना शहरं घेता येत होती, चालवता येत नव्हती. लोकांपुढे पर्याय दोनच: कुणाचा तरी गुलाम व्हायचं किंवा मरायचं. च्यू चूजीने शिष्यांना दीक्षेचे दाखले देऊन मुलखात पाठवलं. दाखला हातात पडला की माणूस खानाच्या सनदेखाली आला, त्याला वेठीला धरता येत नाही. मंगोलांच्या युआन घराण्याचा अधिकृत इतिहास म्हणतो की अशा रीतीने गुलामीतून सुटलेले आणि मरता मरता वाचलेले लोक वीस-तीस हजार होते. हा आकडा थोडा फुगवलेला असेल असं धरलं तरी, एका करमाफीच्या कागदाने इतकी माणसं वाचल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

पण ज्याला कागदाची ताकद कळते तो थांबत नाही. युद्धात ओस पडलेले बौद्ध विहार होते. त्यांत च्वानझेनचे लोक राहायला गेले, आधी छप्पर शाकारलं, मग बुद्धमूर्ती हलवल्या, मग दारावर नवी पाटी लावली. भिक्खू परत आले तर त्यांना सनद दाखवली जाई. खानाचा एक सल्लागार येल्यू चूत्साई हा पक्का बौद्ध. समरकंदला त्याने च्यू चूजीबरोबर काव्यविनोदात दिवस घालवले होते, खानापुढच्या प्रवचनांचं संकलनही त्याच्याच नावावर आहे. पण परतल्यावर त्याने लिहिलेल्या प्रवासवर्णनात त्याने या म्हाताऱ्याची पार सालं काढली: करमाफी मागितली ती फक्त आपल्या लोकांसाठी, सरकारी पाट्या घेऊन शिष्य टपाली घोड्यांवरून हिंडतात, विहार बळकावतात. तो पक्षपाती होता हे उघड आहे. तो खोटं बोलत होता असं मात्र म्हणता येत नाही.

1227 मध्ये तियानचांग मंदिराचं नाव बदलून चांगचुन प्रासाद झालं, वाघाची सोन्याची पाटी आता साधूच्या स्वतःच्या हाती आली, आणि त्याच वर्षी सातव्या चांद्रमासात तो गेला. चंगीझखानही त्याच महिन्यात गेला. भक्तांना यात दैवी योग दिसला. विरोधी बौद्धांनी तो शौचकूपात मेला अशी कंडी पिकवली.

पुढची पंचवीस-तीस वर्षं पंथाची भरभराट झाली. यिन झीपिंग, मग प्रवासवृत्तांत लिहिणारा ली झीचांग प्रमुख झाले. सोंग दफांग या शिष्याने 1237 ते 1244 या सात वर्षांत ताओ ग्रंथांचा सुमारे 7,800 खंडांचा संग्रह लाकडी ठशांवर कोरून छापला. युद्धात होरपळलेल्या देशात हे काम सरकारने नव्हे, एका पंथाने केलं. याच सोंग दफांगच्या पुढाकाराने शानशी प्रांतात पीत नदीच्या काठी, अमर पुरुष ल्यू दोंगबिनच्या गावी, योंगल प्रासाद हे मंदिर उभं राहू लागलं.

त्या 7,800 खंडांतच एक जुनं पुस्तक होतं, आणि त्याने घात केला. त्या पुस्तकाचं म्हणणं असं की ताओ मताचा आद्य गुरू लाओ त्से म्हातारपणी पश्चिमेला निघून गेला तो भारतात पोचला आणि तिथल्या रानटी लोकांना सुधारायला त्यानेच बौद्ध धर्म काढला. म्हणजे बुद्ध हा लाओ त्सेचा अवतार, किंवा फार तर शिष्य. बुद्धाला दशावतारांत नवव्या जागी बसवणाऱ्या आपल्याला ही युक्ती ओळखीची वाटेल. चीनमध्ये हा वाद शतकानुशतकं धुमसत होता आणि पुस्तकावर अनेकदा बंदीही आली होती. आता च्वानझेनच्या लोकांनी त्याच कल्पनेवर लाओ त्सेच्या एक्याऐंशी रूपांची सचित्र पोथी काढून वाटली. विहार गेले ते गेले, आता बुद्धही गेला, असं भिक्खूंना वाटलं नसतं तरच नवल.

शाओलिनचा मठाधिपती फूयू याने मंगोल राजधानी काराकोरमला जाऊन चंगीझचा नातू मोंगके खान याच्यापुढे तक्रार नेली. दरबारात बौद्धांचा प्रमुख होता नामो, काश्मीरमधून आलेला भिक्खू. बुद्ध भारताचा की चीनचा हा प्रश्न त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. 1255 मध्ये ली झीचांगला खानापुढे उभं राहून उत्तरं द्यावी लागली. ती त्याला देता आली नाहीत. पुढच्या वर्षी तो वारला. समरकंदच्या वाटेवर ग्रहणाच्या वेळा टिपणाऱ्या त्या माणसाचा शेवट असा झाला.

मोठा सामना झाला 1258 मध्ये, कायपिंगला. अध्यक्षस्थानी मोंगकेचा भाऊ आणि पुढचा खान कुबलाई. तीनशे भिक्खू, दोनशे ताओ साधू, आणि साक्षीला दोनशे कन्फ्युशियन विद्वान व अधिकारी. दोन्हीकडून सतरा-सतरा वक्ते. ताओ हरले तर मुंडन करून भिक्खू व्हायचं, बौद्ध हरले तर त्यांनी डोक्यावर ताओ टोपी चढवायची. बौद्धांच्या बाजूने तेवीस वर्षांचा एक तिबेटी लामा उभा राहिला, फाग्पा. ताओंनी सीमा चियनचा प्राचीन इतिहासग्रंथ पुढे केला तेव्हा त्याने एवढंच विचारलं, की लाओ त्से भारतात गेल्याचं यात कुठे लिहिलंय का? नाही. बरं, खुद्द लाओ त्सेच्या ग्रंथात? तिथेही नाही. मग ही गोष्ट आली कुठून? इथेच घोडं पेंड खात होतं. या वादाची सविस्तर हकिकत फक्त बौद्ध लेखकाची, म्हणजे जिंकलेल्या बाजूची आहे, हे विसरून चालणार नाही. पण हरलेल्यांकडे या प्रश्नाला उत्तर नव्हतं हे कुणीही मान्य करील. सतरा ताओंचं मुंडन झालं, पंचेचाळीस ग्रंथ जाळायचा हुकूम झाला, 237 मंदिरं बौद्धांना परत द्यायची ठरली.

फाग्पाच्या बुद्धीवर सगळं श्रेय टाकायला मी तयार नाही. चंगीझला उत्तर चीन हाताळायला एक मध्यस्थ हवा होता. कुबलाईकडे आता कारकून होते, करांची पुस्तकं होती, सल्लागार होते, आणि तिबेटशी नातं जोडायचं होतं. प्रत्येक गावात सनद हाती घेऊन बसलेला, कर न देणारा, माणसं आपल्या छताखाली ओढणारा पंथ हा नव्या राज्याच्या दृष्टीने वसुलीतलं भोक होता. शिवाय 1276 मध्ये दक्षिण हाती येताच कुबलाईने तिथल्या दुसऱ्या ताओ परंपरेच्या प्रमुखाला, दिव्यगुरू झांग झोंगयान याला, राजधानीत बोलावून मान दिला. ताओ पंथ हवाच असेल तर च्वानझेन सोडूनही तो मिळत होता.

बळकावलेली मंदिरं परत करायला च्वानझेनने टाळाटाळ केली. 1280 मध्ये राजधानीत मारामारी झाली. बौद्ध वृत्तांताप्रमाणे चांगचुन प्रासादाच्या लोकांनी आपलंच धान्यकोठार पेटवून आळ भिक्खूंवर घातला. चौकशी झाली, दोघांना देहदंड, काहींचे नाक-कान कापले, काहींना हद्दपारी. 1281 च्या शरदात कुबलाईचा हुकूम निघाला की लाओ त्सेचा मूळ ग्रंथ वगळून बाकी सगळे ताओ ग्रंथ आणि त्यांचे ठसे जाळावेत. राजधानीतल्या मिनझोंग विहारात, आजच्या फायुआन विहारात, होळी झाली. सात वर्षं खपून कोरलेलं लाकूड किती वेळ जळलं असेल कोण जाणे. झांग ल्यूसुन या दक्षिणी ताओ साधूने युवराजाकडे रदबदली करून विधींची काही पुस्तकं वाचवली. मिंग सम्राटांनी 1445 मध्ये पुन्हा संग्रह छापला तेव्हा त्यात 5,300 च्या आसपास खंड भरले.

कुबलाई गेल्यावर वारं पुन्हा फिरलं. च्यू चूजीला मरणोत्तर मोठमोठ्या पदव्या मिळाल्या. योंगल प्रासादाचं बांधकाम वादविवाद, मुंडनं आणि बंदी यांच्या मधून चालूच राहिलं होतं. 1325 मध्ये लुओयांगच्या मा जुनशियांगने आणि त्याच्या हाताखालच्या चित्रकारांनी मुख्य दालनाच्या भिंतींवर सुमारे 290 देवदेवतांची मिरवणूक रंगवली. 1959 मध्ये पीत नदीवरच्या सानमेनशिया धरणाचं पाणी येणार म्हणून त्या भिंतींवरचं रंगकाम करवतीने कापून, वीसेक किलोमीटर उत्तरेला नेऊन, पुन्हा जोडायला घेतलं. दरबार गेले तरी मंदिरांना हलवणारे हुकूम निघतच राहिले.

खानाने नाव दिलेला चांगचुन प्रासाद मात्र युआन घराण्याबरोबर नाहीसा झाला. राहिलं ते त्याच्या शेजारचं, शिष्यांनी गुरूचं शव ठेवायला बांधलेलं छोटं दालन. मिंग काळात त्याच्याभोवती नवं मंदिर वाढलं आणि त्याला बाइयुन, म्हणजे शुभ्र मेघ, असं नाव मिळालं. 1445 च्या ग्रंथसंग्रहाची एक प्रत सम्राटाने याच मंदिराला दिली, आणि 1923 नंतर शांघायला हा संग्रह पुन्हा छापला गेला तो याच प्रतीवरून. मधल्या दालनात झाडाच्या मुळाचा एक प्रचंड वाडगा आहे, त्याखाली च्यू चूजीच्या अस्थी आहेत असं सांगतात.

पहिल्या चांद्रमासाच्या एकोणिसाव्या दिवशी त्याची जयंती असते. आदल्या रात्री तो परत येतो, अशी बीजिंगच्या लोकांची जुनी समजूत. भिकारी म्हणून येईल, अधिकारी म्हणून येईल, एखाद्या बाईच्या रूपातही येईल. ज्याची त्याच्याशी गाठ पडेल त्याचं आयुष्य वाढेल. म्हणून त्या रात्री लोक बाइयुन मंदिराच्या कोपऱ्याकोपऱ्यांतून थंडीत जागत बसत, आणि शेजारून जाणाऱ्या प्रत्येक फाटक्या माणसाच्या तोंडाकडे निरखून पाहत.